वळिवड्याच्या माता आणि त्यांच्या लेकी

जालना शहरातील मस्तगड इ.स. १७२५ मध्ये काबिल खानाने बांधला, अशी नोंद आहे. बांधणीचे साल सांगणारा फारसी शिलालेखही तेथे आहे. गड कोणी बांधला आणि केव्हा बांधला, हे दगडाने पावणेतीनशेहून अधिक वर्षे जपून ठेवले आहे. परंतु त्या तटासाठी डोक्यावरून माती वाहणाऱ्या, पोटचे पोर झाडाला टांगलेल्या झोळीत निजवून चुना मळणाऱ्या बायांविषयी त्या दगडावर एक अक्षर नाही. शिलालेख हा राजांचा इतिहास असतो. मातांचा इतिहास दगडावर कोरला जात नाही. तो लेकींच्या बोलण्यात, प्रार्थनेत आणि चुलीपुढच्या सवयींत उतरतो. मधली एखादी पिढी तुटली की तो कायमचा पुसला जातो.

हा विचार दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या मनात येतो. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता' ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसतो. सोबत भांडीकुंडी, एखादी शेळी आणि शाळेतून काढून आणलेली मुले असतात. काही टोळ्या थेट सांगली-कोल्हापूरच्या फडांपर्यंत पोहोचतात.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या भागातील अशा काही कुटुंबांना भेटण्यासाठी नाताळच्या आधी करवीर तालुक्यात गेलो होतो. फडाच्या कडेला चटयांच्या कोप्या उभ्या होत्या. एका कोपीपुढे बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन भाकरी थापीत होती. ती आमच्याकडच्या शाळेत सातवीत होती. मी तिच्या आईला शाळेविषयी विचारले. ती म्हणाली, "फादर, बिऱ्हाड पाठीवर हाय. पोरीची शाळा कुठं ठिवू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मुलांना खाऊ दिला, प्रार्थना केली आणि परतीच्या वाटेला लागलो. वाटेत गांधीनगर लागले. कापडाच्या घाऊक व्यापारासाठी हे गाव साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कपड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या दुकानांकडे बोट दाखवून माझ्याबरोबरचे स्थानिक गृहस्थ सहज म्हणाले, "फादर, येथे महायुद्धाच्या काळात पाच हजार पोलिश लोक राहत होते. तुमच्याच धर्माचे. बहुतेक बायका आणि मुलेच होती. चटयांच्याच भिंती होत्या त्यांच्या घरांना."

चटयांच्या भिंती! नुकत्याच पाहिलेल्या कोप्या माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. परत आल्यावर मी त्या स्त्रियांविषयी मिळेल ते वाचू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एप्रिलमधील ती रात्र

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरले आणि देशाची वाटणी झाली. सोव्हिएत अमलाखाली आलेल्या भागातून १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत चार वेळा मोठ्या प्रमाणावर माणसे उचलण्यात आली. सोव्हिएत दप्तरांवरून त्यांची संख्या सुमारे सव्वातीन लाख भरते. पहिली खेप १० फेब्रुवारी १९४० ची. ऐन हिवाळ्यात, मध्यरात्री दारावर बंदुकीच्या दस्त्याची थाप पडे. आवरायला थोडा वेळ मिळे आणि मग मालगाडीच्या डब्यातून उत्तरेकडच्या अरण्यांकडे किंवा सायबेरियाकडे प्रवास सुरू होई.

दुसरी खेप १३ एप्रिल १९४० ची होती. या खेपेत सुमारे साठ हजार माणसांना कझाकस्तानच्या माळरानावर नेऊन सोडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ती का निवडली गेली, याचे कारण भयंकर आहे. त्यांचे पती आणि वडील आधीच कैदेत होते. ते सेनाधिकारी, पोलीस, शिक्षक, वकील असे लोक होते. त्याच वसंत ऋतूत कातीनच्या जंगलात व इतर ठिकाणी अशा सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे ज्या आठवड्यांत पत्नी मुलांना उराशी धरून मालगाडीत बसली, त्याच आठवड्यांत पती खड्ड्यात पडत होता. तिला हे ठाऊक नव्हते. कित्येकींना ते पुढे अनेक वर्षे ठाऊक झाले नाही. सोव्हिएत सरकारने हा गुन्हा मान्य केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. पत्नींना घरातून उचलले त्या दिवसाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

त्या माळरानावर या शिकल्यासवरलेल्या स्त्रियांनी सामुदायिक शेतांवर काम केले, जळणासाठी शेण गोळा केले आणि एकेक वस्तू विकून मुले जगविली. सर्वांची मुले जगली नाहीत.

समुद्रापलीकडे

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि राजकारणाचा पट उलटला. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. पोलिश कैद्यांना मुक्त करून जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्य उभारण्याचे ठरले. ही वार्ता छावण्यांत पोहोचताच माणसे दक्षिणेकडे निघाली. सैन्यापर्यंत पोहोचले तर मुलांना भाकरी मिळेल, एवढीच आशा होती. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार पोलिश लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांपैकी सुमारे ३७ हजार सैन्याबाहेरचे होते, म्हणजे मुख्यतः बाया आणि मुले. टायफस आणि अतिसाराने ग्रासलेली कित्येक माणसे किनाऱ्यावर पाय ठेवल्यानंतर दगावली. तेहरानच्या कॅथॉलिक दफनभूमीत आजही त्यांच्या कबरींच्या रांगा आहेत.

पुरुष सैन्याबरोबर गेले. पुढे मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोच्या डोंगरावर, संत बेनेडिक्ट यांच्या मठाच्या अवशेषांत, याच सैन्याने आपला ध्वज रोवला. इतिहासाच्या पुस्तकांत तो विजय सविस्तर आढळतो. मागे राहिलेल्या बायामुलांचे काय झाले, हे शोधावे लागते.

त्यांना जगात कोठे ठेवायचे, हा प्रश्न होता. त्या वेळी प्रथम दार उघडणाऱ्यांत आपला देश होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला. मुंबईतील पोलिश वकिलातीच्या प्रमुखांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीने मदतकार्याची धुरा वाहिली. मुलांची पहिली तुकडी काही काळ वांद्रे येथे राहिली. पाचगणीलाही काही पोलिश मुले राहिली व शिकली. परंतु सर्वांत मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवडे गावाजवळ.

चटयांच्या भिंतींतील गाव

१९४३ च्या मध्यास कराचीमार्गे आलेले निर्वासित वळिवडे येथे येऊ लागले. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग लगत, पंचगंगा नदी जवळ आणि हवा सौम्य, अशी ही जागा होती. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी अल्पवयीन राजा होता. लांबच लांब कौलारू चाळी, आत चटयांच्या भिंतींनी विभागलेल्या खोल्या आणि पुढे ओसरी, असे घरांचे स्वरूप होते. सुमारे पाच हजारांची वस्ती झाली आणि तिच्यात कर्ते पुरुष थोडेच होते.

तेथे या स्त्रियांनी काय केले? माझ्या मनाला सर्वांत अधिक भिडलेली गोष्ट ही की त्यांनी शाळा सुरू केल्या, आणि त्या एक-दोन नव्हेत. प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, शिक्षिकांसाठी प्रशिक्षण आणि हस्तव्यवसायाचे शिक्षण, अशी सारी साखळी या वसाहतीत उभी राहिली. तीन-चार वर्षे ज्यांनी वहीला हात लावला नव्हता अशा मुली पुन्हा बाकांवर बसल्या. पुस्तके तुटपुंजी होती. शिकविणाऱ्या बाया स्वतः उपासमारीतून आणि दुःखातून उठून आल्या होत्या. तरी पोलिश भाषा, इतिहास, गणित आणि धर्मशिक्षण यांचे पाठ सुरू झाले.

वसाहतीत चर्च होते, रुग्णालय होते, टपालघर होते आणि नाटकांसाठी रंगमंचही होता. स्काउट-गाइड चळवळ जोरात होती. तिला वळण लावणाऱ्यांपैकी एक तरुण अधिकारी झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे होते. कातीनच्या हत्याकांडातून जे मोजके कैदी वाचले त्यांपैकी ते एक. वळिवड्यात ज्या मुलामुलींबरोबर ते वावरले, त्यांत पित्याची वाट पाहणारी कित्येक लेकरे होती. पुढे १९५४ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत कातीनच्या कुटुंबीयांचे सांत्वन करणे आणि त्या मृतांची स्मृती जागविणे हेच त्यांनी आपले व्रत मानले. एका धर्मगुरूच्या जीवनकार्याच्या वाटेवर आपल्या पंचगंगेचा काठही आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

पोलिश घरांतील नाताळच्या दोन प्रथा येथे सांगितल्या पाहिजेत. नाताळच्या पूर्वसंध्येला जेवणाआधी कुटुंबातील माणसे ऑस्तियासारखी पातळ पोळी एकमेकांना मोडून देतात, क्षमा मागतात आणि शुभ चिंतितात. ताटे मांडताना एक पान जास्त मांडले जाते. ते अनपेक्षित पाहुण्यासाठी, दारी येणाऱ्या अनोळखी वाटसरूसाठी असते. ज्यांनी या प्रथा बरोबर आणल्या, त्याच स्त्रिया आज अनोळखी देशात वाटसरू झाल्या होत्या आणि त्यांच्यासाठी पान मांडले होते ते आपल्या मातीने.

या वसाहतीला दोष नव्हते असे नाही. आजारपण होते, कंटाळा होता आणि उद्याची चिंता तर रोजचीच होती. मोन्ते कासिनोच्या लढाईनंतर आलेली काही पत्रे कशी असतील, याची कल्पना करवत नाही. काही जण कोल्हापूरच्याच मातीत विसावले. त्यांच्या कबरींची डागडुजी २०१४ मध्ये करण्यात आली.

परतीचा मार्ग बंद

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांच्या नेत्यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची गावे आता पोलंडमध्ये उरलीच नाहीत. ती सोव्हिएत संघात गेली. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूला असूनही त्यांचे घर हरपले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि पाठीशी असलेले सरकारही गेले.

१९४६ च्या अखेरीस बालाचडीची मुलेही वळिवड्यात आली. त्यानंतर वसाहत हळूहळू रिकामी होत गेली. काही जण पोलंडला परतले, काही आफ्रिकेतील छावण्यांत गेले, काहींनी ऑस्ट्रेलिया गाठली. ज्यांचे पती वा पुत्र सैन्यात होते अशा पुष्कळ स्त्रिया ब्रिटनला गेल्या. १९४८ च्या आरंभी वसाहत बंद झाली.

पण त्या खोल्या फार काळ ओस राहिल्या नाहीत. फाळणीने घरदार हरपलेल्या सिंधी बांधवांना येथे आसरा मिळाला आणि वळिवड्याची छावणी गांधीनगर झाली. ज्या ओसरीवर एका पोलिश आईने रोझरी म्हटली, त्याच ओसरीवर एका सिंधी आईने आपल्या देवापुढे दिवा लावला. दोघींचे गाव नकाशावरील एका रेघेने हिरावून घेतले होते.

त्या दशकात जगात अशा माता ठायीठायी होत्या. जपानी आक्रमणापुढून निघालेल्या चिनी बाया कोलकात्याच्या वस्तीत येऊन राहिल्या. ब्रह्मदेशातून भारतीय कुटुंबे डोंगर तुडवीत आली. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण पाठीवरचे बिऱ्हाड आणि हाताला धरलेली लेक सारखीच.

लेकींनी काय केले

आता प्रश्न असा की वळिवड्याच्या मातांनी जे पेरले ते उगवले काय?

ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या या कुटुंबांना पुन्हा छावण्यांतच राहावे लागले. या वेळी पत्र्याच्या अर्धगोल बराकी होत्या. आया कारखान्यांत, रुग्णालयांत कामाला लागल्या. मुली इंग्रजी शाळांत जाऊ लागल्या. तेव्हा पोलिश मंडळींनी शनिवारच्या शाळा काढल्या. आठवड्याचे पाच दिवस मूल इंग्रजी शिके, शनिवारी पोलिश भाषा, इतिहास आणि धर्मशिक्षण. १९५३ मध्ये या शाळांसाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. असल्या शाळा चालतात त्या मुख्यतः विनामोबदला शिकविणाऱ्या शिक्षिकांवर, आणि छावण्यांच्या बाकांवर शिकलेली पिढी तोवर शिकविण्याच्या वयाची झाली होती. आईने चटईच्या भिंतीआड दिलेला धडा अशा रीतीने नातीपर्यंत पोहोचला. त्या नातींनी पोलंड कधी पाहिलेही नव्हते.

भारतात राहिलेल्या या मुलामुलींनी पुढे आपली संघटना स्थापन केली आणि २००० साली लंडनहून भारतातील आपल्या वास्तव्याचा मोठा ग्रंथ पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. कागदपत्रे आणि आठवणी त्यांनी स्वतःच जमविल्या. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ उभारण्यात आला. २०१९ मध्ये, युद्धाला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, वयोवृद्ध झालेले काही जण पोलंडच्या सरकारी प्रतिनिधींसमवेत पुन्हा वळिवड्याला आले. तिकडे वॉर्सा शहरात २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांत वळिवड्याचे नाव पुन्हा छापून आले.

एक पोलिश तरुणी मात्र गेलीच नाही. तिने कोल्हापुरातील मराठी तरुणाशी विवाह केला, मराठी नाव घेतले आणि कोल्हापूरलाच आपले घर मानले. बाकीच्यांनी पोलंड सोबत नेला, हिने तो महाराष्ट्रात मुरविला. दोन्ही वाटा रूथच्या कथेत सापडतात. आपला देश सोडून सासूच्या देशात गेलेली ती विधवा राजा दावीदाची पणजी झाली आणि प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले.

त्या आईच्या प्रश्नाकडे

हे सारे वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या ऊसतोड मातेच्या प्रश्नापाशी येतो. "पोरीची शाळा कुठं ठिवू?"

वळिवड्याच्या मातांची आणि आमच्या मातांची बरोबरी करणे योग्य नव्हे, हे मी जाणतो. पोलिश मातांच्या पाठीशी, परदेशात का असेना, एक सरकार होते. शिधा मिळत होता. त्यांच्यात शिकलेल्या शिक्षिका होत्या. शिवाय त्यांना पहाटे तीन वाजता फडात उतरून मोळ्या बांधाव्या लागत नव्हत्या. आमच्या माता निरक्षर असल्या तर त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या आयाही कोणाच्या तरी बांधावरच राबत होत्या. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. म्हणून दोष मातांना देता येत नाही. वळिवड्याचा धडा मातांसाठी नाही, तो आपल्यासाठी आहे. पाच हजार निर्वासितांसाठी शाळा चालली, कारण छावणी ही तात्पुरती जागा आहे म्हणून बालपणही तात्पुरते थांबवावे, हे तेथे कोणी मान्य केले नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. कोपीपुढे भाकरी थापणारी ती मुलगी हंगाम संपल्यावर गावी परतली, तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते. फडावरच स्थळ आले, नात्यातल्या मुलाला जोडीदारीण हवी होती. कारण जोडी झाली की नवा 'कोयता' होतो आणि नवी उचल मिळते. शाळेतील तिचे नाव कमी झाले. हे मला कळले ते पावसाळ्यात, सारे उरकल्यावर. नाताळच्या आधी मी तिला समोर पाहिले होते. मी खाऊ दिला होता, प्रार्थना केली होती. तिला आमच्याबरोबर परत पाठवाल का, एवढे मात्र मी तिच्या आईला विचारले नव्हते.

त्यानंतर आम्ही आमच्या परीने थोडा प्रयत्न सुरू केला. दिवाळीपूर्वी टोळ्या निघण्याच्या आधी घरोघर जाऊन कोणती मुलगी बरोबर जाणार आहे याची यादी करतो. जिची आजी गावी राहते तिला आजीपाशी ठेवण्यासाठी शिधा पोहोचवितो. काही मुलींची सोय धर्मभगिनींच्या वसतिगृहात होते. जागा नेहमीच अपुरी पडते. मागील वर्षी गावी राहणाऱ्या काही कुटुंबांनी आपण होऊन एकेक मुलगी हंगामापुरती घरी ठेवून घेतली. त्यांत एक कुटुंब असे होते की त्यांच्या स्वतःच्याच घरात पाच माणसे आणि एक खोली होती.

त्या कुटुंबातील माउलीने वळिवड्याचे नाव कधी ऐकले नसेल. पोलंड कोठे आहे हेही तिला सांगता येणार नाही. परंतु नाताळच्या पूर्वसंध्येला मी आशीर्वाद देण्यासाठी तिच्याकडे गेलो तेव्हा जमिनीवर सहा ताटे मांडलेली होती. सहाव्या ताटाशी परकी लेक बसली होती आणि तिच्या मांडीवर सातवीचे पुस्तक होते. मला तेथे जास्त काही बोलावेसे वाटले नाही.

वाचक बंधुभगिनींनो, यंदाही दसऱ्यानंतर ट्रक भरून निघतील. आपल्या गावातून, आपल्या आळीतून निघतील. आपल्या घरी एक ताट जास्त मांडता येईल काय, याचा विचार दिवाळीच्या आधी करावा. नंतर उशीर होतो, हे मी अनुभवाने सांगतो.